पाटीवरचं नाव

मिसिसिपी राज्याच्या दक्षिण टोकाला मेक्सिकोच्या आखाताची एक चिंचोळी किनारपट्टी आहे. बिलॉक्सी, गल्फपोर्ट, ओशन स्प्रिंग्ज ही गावं तिथे एकमेकांना खेटून वसलेली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या किनाऱ्यावर अंत्यविधी करणाऱ्या एका पेढीने अजब जाहिरात चालवली होती. एकीकडे अमेरिकेचा आणि मिसिसिपीचा झेंडा, सोबत ओकीफ हे नाव. दुसरीकडे कॅनडाचा आणि जपानचा झेंडा, सोबत प्रतिस्पर्धी रीमन यांचं नाव. रीमन घराणंही तिथलंच, गल्फपोर्टचं. पण १९९० साली त्यांनी आपला धंदा कॅनडातल्या लोवन ग्रुपला विकला होता आणि दारावरची पाटी तशीच राहिली होती. मग जपानचा झेंडा कशासाठी? तर लोवनला कर्ज देणाऱ्यांत हाँगकाँग अँड शांघाय बँक होती म्हणून. हाँगकाँग कुठे, शांघाय कुठे आणि जपान कुठे, हे विचारायला इथे कोण बसलंय, असाच त्या जाहिरातीमागचा हिशेब असावा.

ओकीफ विरुद्ध लोवन हा खटला आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे तो २०२३च्या ‘द बरियल’ या चित्रपटामुळे. टॉमी ली जोन्स म्हातारा ओकीफ झाला आहे, जेमी फॉक्स त्याचा वकील. गावातला सचोटीचा दुकानदार आणि त्याला गिळायला निघालेली मोठी कंपनी, ही गोष्ट पडद्यावर छान वठते आणि ती खोटीही नाही. फक्त त्या झेंड्यांच्या जाहिरातीसकट ती वाचायला हवी. न्यायालयात शेवटी भांडण झालं ते करारातल्या कलमांपेक्षा ‘आपला कोण आणि उपरा कोण’ या प्रश्नावर, आणि त्या प्रश्नाने पुढे दहा वर्षं दोन्ही पक्षांना अनपेक्षित ठिकाणी नेऊन सोडलं.

आपल्याकडे मयत झाली की शेजारपाजारचे जमतात, एक जण बांबू, सुतळी, मडकं आणायला धावतो, दुसरा पालिकेच्या स्मशानात नोंद करून येतो, आणि काही तासांत सगळं आटोपतं. या कामात शेअर बाजारात नोंदलेली, देशोदेशी शाखा असलेली कंपनी उभी राहील हे आपल्याला सहज सुचणार नाही. अमेरिकेत ती उभी राहिली त्याला कारणं आहेत. १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धात दक्षिणेत पडलेल्या सैनिकांचे देह उत्तरेतल्या घरी पोचवायचे तर ते टिकवावे लागत. रसायनं भरून देह टिकवण्याचं तंत्र तेव्हा रुळलं. १८६५मध्ये लिंकनचा देह आगगाडीने वॉशिंग्टनहून इलिनॉयला नेला, वाटेत गावोगावी लोकांनी त्याचं दर्शन घेतलं, आणि या तंत्राला जनमान्यता मिळाली. मग घरच्या बायांच्या हातून हे काम सुटलं. शवपेट्या बनवणारे सुतार आणि घोडागाड्या भाड्याने देणारे तबेलेवाले ‘फ्युनरल डायरेक्टर’ झाले. ओकीफ घराणं यातल्या दुसऱ्या वर्गातलं. आयर्लंडहून आलेल्या त्यांच्या पूर्वजाचा ओशन स्प्रिंग्जमध्ये तबेला होता.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिणेतल्या प्रत्येक गावात फ्युनरल होम हे एका घराण्याचं असे आणि ते घराणं कुणाचं, हे ठरलेलं असे. गोऱ्यांचं वेगळं, काळ्यांचं वेगळं. शाळा-बस-हॉटेलांतला भेद कायद्याने संपल्यावरही मृत्यूच्या दारातला भेद बहुतेक ठिकाणी तसाच राहिला. काळ्या समाजातल्या फ्युनरल होमवाल्यांचं गिऱ्हाईक गोऱ्यांवर अवलंबून नव्हतं, म्हणून नागरी हक्कांच्या चळवळीत जामिनाचे पैसे भरायला आणि गाड्या पुरवायला हेच लोक पुढे येत. कुठलाही दुकानदार गावात मान मिळवतो तो माल विकून. हा दुकानदार मान मिळवतो तो तुमच्या आजीला, बापाला, मेलेल्या लेकराला नीट हाताळून. एकदा ज्याने तुमच्या घरचं माणूस पोचवलं, त्याच्याकडेच पुढच्या वेळी जायचं हा अलिखित नियम. त्यामुळे या धंद्यात इमारत, गाड्या, पेट्या यांची किंमत दुय्यम. खरी पुंजी म्हणजे नाव.

याला आणखी एक जोड होती, आणि खटला समजायला तीच महत्त्वाची आहे. मिसिसिपी हे अमेरिकेतलं सर्वांत गरीब राज्य. अंत्यविधीचा खर्च एकदम पेलणार नाही म्हणून गरीब माणसं, काळी आणि गोरी दोन्ही, छोट्या हप्त्यांचा ‘दफन विमा’ काढत. विमा कंपनीचा माणूस दारोदार जाऊन हप्ता गोळा करी. माणूस गेला की विम्याच्या बदल्यात ठरलेल्या फ्युनरल होममधून ठरलेला विधी मिळे. म्हणजे आज ज्याच्याकडे जिवंत माणसांच्या पॉलिसी, उद्या त्याच्याच दारात मयत. फ्युनरल होमवाला विमा कंपनी का काढतो आणि विम्यावरून का भांडतो, ते इथे कळतं.

जेरेमाया ऊर्फ जेरी ओकीफकडे आठ फ्युनरल होम आणि गल्फ नॅशनल नावाची विमा कंपनी होती. जन्म १९२३चा, ओशन स्प्रिंग्जचा. दुसऱ्या महायुद्धात तो मरीन दलाचा वैमानिक होता. २२ एप्रिल १९४५ या एका दिवसात ओकिनावाच्या आकाशात त्याने पाच जपानी विमानं पाडली, आठवड्याभरात आणखी दोन. वय एकवीस. नेव्ही क्रॉस हे मोठं शौर्यपदक मिळालं. परत येऊन घरचा धंदा धरला, तेरा मुलं झाली, राज्याच्या विधानसभेत एक मुदत काढली, आणि १९७३ ते १९८१ बिलॉक्सीचा महापौर होता. त्या काळात कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या संघटनेने मोर्चाची परवानगी मागितली ती त्याने नाकारली. त्याच्या घरासमोर क्रूस जाळला गेला. हा तपशील पुढे न्यायालयात सोन्याच्या भावाने उपयोगी पडणार होता. कॅथलिक गोरा, साठी-सत्तरीतला, शब्दाला जागणारा आणि जरा हट्टी. पडद्यावर दाखवायला असा माणूस मिळाला तर दिग्दर्शकाला आणखी काय हवं!

समोरचा रे लोवनही उपरा धनाढ्य म्हणून जन्माला आला नव्हता, हे चित्रपटात फारसं जाणवत नाही. त्याचं घराणं मॅनिटोबातल्या स्टाइनबाख गावचं, मेनोनाइट पंथाचं. वडिलांचं गावात छोटं फ्युनरल होम होतं. रे बायबल कॉलेजात शिकला, वडील आजारी पडल्यावर धंद्यात उतरला. म्हणजे हाही ओकीफसारखाच घराण्याच्या पेढीतला मुलगा. पुढे ब्रिटिश कोलंबियात जाऊन तो काही काळ तिथल्या विधानसभेतही होता. व्हँकुव्हरजवळच्या बर्नबी इथे त्याने लोवन ग्रुप उभा केला आणि १९८७मध्ये कंपनी शेअर बाजारात नेली.

त्याची युक्ती साधी आणि बिनतोड होती. अमेरिकेत आणि कॅनडात हजारो पेढ्यांचे मालक म्हातारे होत होते, मुलांना हा धंदा नको होता. लोवन त्यांच्याकडे जाई आणि आपल्या वडिलांची गोष्ट सांगे. तुमची पेढी मी घेतो, तुम्हीच चालवत राहा, नाव तेच राहील. पाटी बदलायची नाही हा नियम. आसपासच्या चार-पाच पेढ्या हाती आल्या की देह तयार करण्याची जागा एक, शववाहिका एकत्र, माणसं एकत्र; खर्च खाली, दर वर. गिऱ्हाइकाला वाटे आपण जुन्याच घराण्याकडे आलो आहोत. ह्यूस्टनची सर्व्हिस कॉर्पोरेशन इंटरनॅशनल ही या खेळातली सगळ्यांत मोठी कंपनी. तिचा संस्थापक रॉबर्ट वॉल्ट्रिप १९६२पासून हेच करत आला होता. लोवन दुसऱ्या क्रमांकावर पोचला. जेसिका मिटफर्डने १९६३मध्ये या धंद्यातल्या लुबाडणुकीवर पुस्तक लिहून खळबळ उडवली होती, १९८४मध्ये केंद्रीय व्यापार आयोगाने प्रत्येक वस्तूचा दर वेगळा दाखवण्याची सक्ती केली. पण दारावरचं नाव एकाचं आणि मालकी दुसऱ्याची, यावर त्या नियमात काही नव्हतं.

आता भांडण. राज्याची राजधानी जॅक्सन इथे राइट अँड फर्ग्युसन नावाची जुनी पेढी होती. १९७०च्या दशकापासून तिच्यामार्फत दफन विमा विकण्याचा एकाधिकार ओकीफच्या गल्फ नॅशनलकडे होता. लोवनने ती पेढी विकत घेतली आणि तिथे स्वतःचा विमा विकायला सुरुवात केली. ओकीफने दावा लावला. १९९१च्या ऑगस्टमध्ये तडजोड झाली. ओकीफने आपली दोन फ्युनरल होम लोवनला द्यायची, लोवनने आपली एक विमा कंपनी ओकीफला द्यायची, आणि जॅक्सनमधला एकाधिकार परत मिळायचा. एवढंच. सगळा व्यवहार काही दशलक्ष डॉलरांचा. लोवनच्या हिशेबात तर किरकोळ.

लोवनने चालढकल केली. आज सही, उद्या सही. इकडे ओकीफच्या विमा कंपनीची गंगाजळी आटत चालली होती, राज्याचं विमा खातं मागे लागलं होतं. ओकीफच्या वकिलांचं म्हणणं असं की हा उशीर मुद्दाम होता: ओकीफला रोकड हवी आहे हे लोवनला माहीत होतं, थोडं थांबलं की तो बुडेल आणि मग त्याच्या सगळ्याच पेढ्या कवडीमोलाने मिळतील. लोवनचं म्हणणं, कागदावर झाली होती ती प्राथमिक बोलणी, पक्का करार नव्हेच. माझा कल ओकीफच्या बाजूने आहे. मोठ्या कंपन्यांची चालढकल क्वचितच आळसातून येते. पण याच व्यवहारात ओकीफ काही कोकरू नव्हता, हे त्या झेंड्यांनी दाखवलंच आहे.

दावा पुन्हा उभा राहिला आणि १९९५मध्ये जॅक्सनच्या हाइंड्स परगण्यातल्या न्यायालयात सुनावणीला आला. बिलॉक्सीच्या माणसाचा खटला जॅक्सनला, कारण राइट अँड फर्ग्युसन तिथली. हाइंड्समध्ये बहुसंख्य मतदार काळे, ज्युरीतही तेच असणार. ओकीफचा जुना वकील माइक ऑलरेड हुशार गोरा माणूस. पण वकिलांच्या चमूतल्या हॅल डॉकिन्स या तरुण काळ्या वकिलाने सुचवलं की फ्लोरिडातल्या विली गॅरीला आणावं. गॅरीचे आईवडील उसाच्या आणि भाजीच्या मळ्यांतून हिंडणारे मजूर, अकरा भावंडं. अपघात आणि वैद्यकीय हलगर्जीच्या खटल्यांत मोठमोठ्या भरपाया मिळवून तो स्वतःच्या जेट विमानाने फिरत होता. विमानाचं नाव ‘विंग्ज ऑफ जस्टिस’. करारभंगाच्या रुक्ष खटल्यात त्याचं काय काम, हा प्रश्न रास्त होता. गॅरीने तो खटला रुक्ष राहू दिला नाही.

लोवनच्या बाजूनेही हाच हिशेब झाला. त्यांनीही अटलांटाहून काळा वकील मुख्य म्हणून आणला. शिवाय काळ्यांच्या चर्चांची सगळ्यांत मोठी संघटना, नॅशनल बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन, हिच्याशी लोवनने नुकताच करार केला होता. तो करार कंपनी काळ्या समाजाचं कसं भलं करते याचा पुरावा म्हणून पुढे आला. गॅरीच्या बाजूने त्याच कराराची चिरफाड झाली: देवाच्या घरातल्या माणसांना दलाल करून त्यांच्याच भाविकांना थडगी विकायची. दोन गोऱ्या मालकांच्या भांडणात काळ्या समाजाचं हित कोण जास्त पाहतो, यावर दोन काळे वकील झगडत आहेत, असं हे दृश्य. न्यायाधीश जेम्स ग्रेव्ह्जही काळे; ज्युरीतले बारापैकी आठ जण काळे.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो. १९५९मध्ये मुंबईच्या ज्युरीने गणवेशातल्या देखण्या नौदल अधिकाऱ्याला आठ विरुद्ध एक मतांनी सोडलं, उच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि पुढे भारतात ज्युरीची पद्धतच मागे पडली. अमेरिकेत ती दिवाणी खटल्यांतही जिवंत आहे, आणि नुकसानभरपाईचा आकडा ज्युरीच ठरवते. जॅक्सनमध्येही गणवेश होता, पन्नास वर्षं जुना. ओकीफ देशासाठी लढला, हे गॅरीने सात आठवड्यांत ज्युरीला विसरू दिलं नाही. लोवनच्या वकिलांनी झेंड्यांची जाहिरात दाखवून ओकीफचा परकेद्वेष उघडा पाडायचा प्रयत्न केला, तर तोच डाव उलटला. जपान्यांबद्दल असं का वाटतं, या प्रश्नाला पर्ल हार्बर आणि ओकिनावा हे उत्तर तयार होतं. मिसिसिपीतून निवडून गेलेला आधुनिक काळातला पहिला काळा काँग्रेस सदस्य आणि क्लिंटनच्या मंत्रिमंडळातला माजी कृषिमंत्री माइक एस्पी ओकीफच्या सचोटीची ग्वाही द्यायला आला. बोलता बोलता त्याने कॅनडाच्या गव्हापासून अमेरिकी शेतकऱ्याला वाचवण्याची गोष्ट काढली. दफन विम्याच्या करारात गव्हाचं काय काम? न्यायाधीशांनी अडवलं नाही; आणि लोवनच्या वकिलांनी जेवढी हरकत घ्यायला हवी होती तेवढी घेतली नाही, हेही खरं. राष्ट्रीयत्व, वर्ण किंवा श्रीमंती पाहून निर्णय देऊ नये, अशी सूचना ज्युरीला द्यावी ही लोवनची विनंती ग्रेव्ह्जनी फेटाळली.

हे सगळं वाचताना मला दोन्ही बाजूंनी राग येतो. ओकीफवर अन्याय झाला होता. त्याचा न्याय मागण्याची पद्धत मात्र अशी की तिच्यात करार जवळजवळ दिसेनासा झाला. आणि तरी, ज्या कंपनीने शेकडो गावांत ‘आपला माणूस’ ही भावना विकत घेऊन, पाटीमागे लपून नफा कमावला, तिलाच कोणी ‘तू आपला नाहीस’ म्हटलं तर तिने कोणत्या तोंडाने कांगावा करायचा? लोवनला ओळख माल म्हणून चालत होती. आरोप म्हणून आल्यावर मात्र तो पूर्वग्रह ठरला.

१ नोव्हेंबर १९९५ला निकाल आला आणि त्यातही गोंधळ. ज्युरीने २६ कोटी डॉलर दिले. त्यात १० कोटी भरपाई आणि १६ कोटी दंड. पण दंडावर वेगळी सुनावणी व्हायला हवी, ती झालीच नव्हती. न्यायाधीशांनी १० कोटी कायम ठेवले आणि दंडासाठी पुन्हा सुनावणी घेतली. इथे लोवनचे वकील अडकले. आधीच सोळा कोटींचा राग दाखवून बसलेल्या ज्युरीपुढे त्यांना कंपनीची ऐपत मांडायची होती. गॅरीने १ अब्ज डॉलर मागितले. दुसऱ्या दिवशी ज्युरीने ४० कोटींचा दंड ठोठावला. एकूण ५० कोटी डॉलर, त्यातले सुमारे साडेसात कोटी ओकीफच्या मनस्तापाचे. १९९४ या सबंध वर्षात लोवनची उलाढाल होती ४१ कोटींच्या आसपास. कॅनडातून आलेल्या श्रीमंत राजकारण्याला वाटलं की मिसिसिपीच्या साध्या माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकता येईल, अशा आशयाचं ज्युरीच्या प्रमुखाचं विधान नंतर बरंच गाजलं.

अपिलात हा आकडा टिकला नसता, याबद्दल कायद्याच्या जाणकारांत फारसं दुमत नाही. पण अपील करायचं कसं? मिसिसिपीच्या नियमाप्रमाणे वसुली थांबवून अपील करायचं तर निकालाच्या सव्वापट रकमेचा बाँड भरावा लागे. म्हणजे ६२.५ कोटी डॉलर. बाँड न भरता अपील करता येत होतं, पण मग ओकीफचे वकील गावोगावच्या फ्युनरल होमना टाळं लावायला मोकळे. बाँड कमी करा, ही मागणी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी १९९६ला फेटाळली. लोवनची मान अशी अडकली. चार वर्षांपूर्वी ओकीफ ज्या जागी उभा होता त्याच जागी, म्हणजे घड्याळ चाललंय आणि समोरचा थांबायला तयार आहे, अशा जागी आता लोवन होता. २९ जानेवारीला तडजोड झाली: १७.५ कोटी डॉलर, काही रोख, काही शेअर, काही वीस वर्षांच्या हप्त्यांनी.

या खटल्याने लोवनला बुडवलं, असं चित्रपट पाहून वाटतं. ते अर्धंच खरं आहे. सप्टेंबर १९९६मध्ये ह्यूस्टनच्या प्रतिस्पर्ध्याने लोवन ग्रुप विकत घेण्यासाठी शेअरमागे ४३ आणि मग ४५ डॉलर देऊ केले. रे लोवनने नकार दिला, आणि कोणी गिळू नये म्हणून स्वतःच आणखी वेगाने पेढ्या आणि स्मशानभूमी गिळत सुटला, तेही कर्ज काढून. १९९८पर्यंत त्याच्याकडे हजाराहून अधिक फ्युनरल होम झाली. पण युद्धोत्तर पिढी म्हातारी होऊन मृत्यूचा ‘हंगाम’ येईल हा अंदाज घाईचा ठरला. लोक अपेक्षेपेक्षा जास्त जगत होते, शिवाय स्वस्तातलं दहन पसंत करू लागले होते. (२०१५च्या सुमारास अमेरिकेत दहन झालेल्यांची संख्या दफन झालेल्यांच्या पुढे गेली.) ऑक्टोबर १९९८मध्ये संचालकांनी रे लोवनला पदावरून काढलं. १ जून १९९९ला, दोन अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज डोक्यावर घेऊन, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

पदच्युतीच्या त्याच महिन्यात लोवन ग्रुप आणि रे लोवन यांनी शेवटचा डाव टाकला होता. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा नाफ्टा हा व्यापार करार १९९४पासून लागू झाला होता. त्याच्या अकराव्या प्रकरणाप्रमाणे एका देशातला गुंतवणूकदार दुसऱ्या देशाच्या सरकारवर थेट आंतरराष्ट्रीय लवादात दावा लावू शकत असे. लोवनने दावा लावला तो अमेरिकेच्या सरकारवर, ७२.५ कोटी डॉलरांचा. म्हणणं असं की मिसिसिपीच्या न्यायालयात परदेशी म्हणून आमच्याशी भेदभाव झाला आणि बाँडच्या नियमाने न्यायाचं दारच बंद झालं. कॅनडाविरुद्धच्या भाषणांवर बोट ठेवून एका राज्याच्या ज्युरीचा निकाल आंतरराष्ट्रीय लवादापुढे नेला गेला, याने वॉशिंग्टनमध्ये खळबळ उडाली. ज्युरीचा निकालही परक्या लवादाच्या तपासणीखाली येणार असेल तर आपलं सार्वभौमत्व कुठे राहिलं, असं डावे आणि उजवे दोघेही विचारू लागले.

असे दावे आपल्यालाही परके नाहीत. दाभोळचा वीज प्रकल्प बंद पडल्यावर बेक्टेल आणि जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपन्यांनी भारतावर गुंतवणूक कराराखाली दावे लावले ते मॉरिशसमधल्या कंपन्यांच्या नावाने, कारण भारताचा तसा करार मॉरिशसशी होता. कंपनीला राष्ट्रीयत्व असतं ते सोयीपुरतं. लोवनला हे सोयीचं राष्ट्रीयत्वच नडलं.

वॉशिंग्टनमधल्या लवादात तिघे होते. ऑस्ट्रेलियाचे माजी सरन्यायाधीश अँथनी मेसन, ब्रिटनचे लॉर्ड मस्टिल आणि अमेरिकेचे माजी न्यायाधीश ॲब्नर मिक्वा. २६ जून २००३ला निवाडा आला. जॅक्सनच्या सुनावणीचं वर्णन करताना त्यांनी हात आखडता घेतला नाही. कोणत्याही मापाने मोजली तरी ती लाजिरवाणी होती, असं त्यांनी सांगून टाकलं. त्यापुढची पानं वाचणाऱ्या लोवनच्या वकिलांना आपण जिंकलो असं वाटलं असेल. पण निवाडा उलटा होता. दिवाळखोरीतून बाहेर पडताना, २ जानेवारी २००२ला, लोवन ग्रुपचा धंदा ॲल्डरवुड्स या नव्या अमेरिकी कंपनीकडे गेला होता आणि नाफ्टाचा दावा तेवढा सांभाळायला एक नामधारी कॅनेडियन कंपनी मागे ठेवली होती. लवाद म्हणाला, दाव्याच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत दावेदार परदेशीच असला पाहिजे. आता खरा लाभार्थी अमेरिकी आहे. अमेरिकी कंपनी आपल्याच सरकारवर नाफ्टात दावा लावू शकत नाही. शिवाय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याचे देशातले मार्ग न संपवता तडजोड का केली, याचं पुरेसं स्पष्टीकरण लोवनने दिलेलं नाही. दावा फेटाळला. जॅक्सनमध्ये कंपनी कॅनेडियन म्हणून हरली होती. वॉशिंग्टनमध्ये ती पुरेशी कॅनेडियन उरली नाही म्हणून हरली.

पुढच्या वर्षी एका विद्यापीठातल्या चर्चासत्रात मिक्वांनी सहज सांगितलं की लवादावर जाण्याआधी न्याय खात्यातल्या अधिकाऱ्यांशी त्यांची भेट झाली होती, आणि हा दावा हरलो तर नाफ्टाच हातचा जाईल असं त्यांना ऐकवण्यात आलं होतं. आपल्यावर दबाव आणायचा असेल तर हा झाला, असं उत्तर दिल्याचंही त्यांनीच सांगितलं. निःपक्ष लवादाचे गोडवे गात जॅक्सनच्या ज्युरीला नाकं मुरडणाऱ्यांनी हा प्रसंग फारसा आठवणीत ठेवलेला नाही.

ॲल्डरवुड्स २००६मध्ये ह्यूस्टनच्या त्याच जुन्या प्रतिस्पर्ध्याने विकत घेतली, शेअरमागे २० डॉलरने. मक्तेदारी होऊ नये म्हणून व्यापार आयोगाने काही गावांतल्या पेढ्या विकायला लावल्या. न्यायाधीश ग्रेव्ह्ज आधी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात आणि मग २०११मध्ये केंद्रीय अपील न्यायालयात गेले. ओकीफने तडजोडीच्या पैशांतून बरंच दान केलं. बिलॉक्सीतलं कुंभारकलेचं संग्रहालय, ज्याची रचना वास्तुविशारद फ्रँक गेरीची, ओकीफच्या पत्नीच्या स्मरणार्थ त्या घराण्याचं नाव मिरवतं. २००५च्या कॅटरिना वादळात एका कॅसिनोची अख्खी तरंगती इमारत त्या बांधकामावर येऊन आदळली. संग्रहालय २०१०मध्ये खुलं झालं. ओकीफ २०१६मध्ये, त्र्याण्णव वर्षांचा होऊन गेला.

रे लोवनने लवादाचा निवाडा रद्द करून घ्यायला अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयाचं दार ठोठावलं. तिथल्या कायद्याप्रमाणे अशा अर्जाची नोटीस तीन महिन्यांत द्यावी लागते. ऑक्टोबर २००५मध्ये न्यायालयाने अर्ज फेटाळला: मुदत उलटून गेली होती.